अजिंठ्याचीं अपुरीं लेणीं व शैलखननाची रीति

[१] विषयप्रवेश

अजिंठ्याच्या लेण्यांविषयीं आजवर जें लेखन झालें आहे, त्यांतील मोठा भाग चित्रांविषयीं व त्याखालोखाल मूर्तींविषयीं आणि कोरीव लेखांविषयीं आहे. तसें होणें स्वाभाविकच होय. परंतु चित्र भिंतीवर काढावयाचें असतें, आणि ती भिंत आधीं डोंगराच्या पोटांतून मोकळी करावी लागते, ही साधी गोष्ट चित्रांच्या वैभवापुढें मागें पडते. ही भिंत कोणत्या हत्यारांनीं, कोणत्या क्रमानें व किती काळांत मोकळी झाली, याचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विचाराची आज विशेष गरज आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांसंबंधीं सध्यां दोन मतें वारंवार ऐकूं येतात. इतका दगड मनुष्याच्या हातून निघणें शक्य नाहीं, सबब प्राचीनांपाशीं आज लुप्त झालेलें कांहीं अद्भुत यंत्र असलें पाहिजे, हें पहिलें मत. काम हातानेंच झालें, पण त्यास पिढ्यान् पिढ्या लागल्या असल्या पाहिजेत, हें दुसरें. पहिल्या मतानें पाथरवटाचें श्रेय जातें; दुसऱ्यानें त्याचें कौशल्य जातें. या दोन्ही मतांची परीक्षा करण्यास लागणारा पुरावा अजिंठ्यासच आहे. मात्र तो पूर्ण झालेल्या लेण्यांत फारसा नाहीं. अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांत आहे.

[२] कोरीव लेखांची साक्ष

'लेणें' हा शब्द संस्कृत 'लयन', प्राकृत 'लेण' यांपासून आला, हें विद्वानांस विदित आहे. सह्याद्रीच्या परिसरांतील लेण्यांतून शेंकडों लेख आहेत. ते भगवानलाल इंद्रजी, बर्जेस, ब्यूलर आदि पंडितांनीं वाचून प्रसिद्ध केले. अजिंठ्याचे वाकाटककालीन लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं संपादिले. या लेखांत दात्याचें कुल, त्याचें पुण्य व दानाचा हेतु हीं विस्तारानें येतात. सोळाव्या लेण्यांतील लेखांत वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याचें नांव आहे; सव्विसाव्यांतील लेखांत बुद्धभद्र भिक्षूचें आहे. सतराव्या लेण्याच्या लेखांत त्या मंडपास 'एकाश्मक', म्हणजे एकाच पाषाणाचा, असें विशेषण दिलेलें आहे. खोदकामाच्या स्वरूपाचा यापलीकडे निर्देश दात्यांच्या प्रशस्तींत सांपडत नाहीं.

कारागिराचा उल्लेख येतो तो इतरत्र, आणि तोही तुरळक. कोंडाणें येथील लेखांत कण्हाचा शिष्य बलक यानें काम केल्याचें नमूद आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कण्हदास नांवाच्या सोनाराचें नांव आहे. कार्ल्यास धेनुकाकटाचा 'वढकी', म्हणजे सुतार, सामि हा भेटतो. कान्हेरीच्या चैत्यांतील लेखांत 'सेलवढकी' हा शब्द आला आहे. संस्कृत 'शैलवर्धकि' तो हाच. शब्दशः पाहतां 'दगडाचा सुतार'. त्याच लेखांत 'मिठिक', म्हणजे दगड घांसून गुळगुळीत करणारा, निराळा सांगितला आहे. तेव्हां कामाची वांटणी झालेली होती, फोडणारा वेगळा व घांसणारा वेगळा होता, एवढें या एका लेखावरून निश्चित होतें. लाकूडकामाच्या परंपरेंतून शैलकर्म निघालें, याचाही हा शब्द साक्षी आहे. अजिंठ्याच्या नवव्या व दहाव्या लेण्यांत छतास ज्या फासळ्या होत्या, त्यांचा प्रकारही लाकडी घराचाच होय.

[३] ग्रंथांची साक्ष

आतां ग्रंथांकडे वळूं. अमरकोशांत 'टंक' शब्दाचा अर्थ 'पाषाणदारण', म्हणजे दगड फोडण्याचें साधन, असा दिला आहे. आपली मराठी 'टांकी' ती हीच. 'टांकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाहीं' ही म्हण आपण नित्य वापरतों, तींत अमरसिंहाचा शब्द जिवंत आहे.

खुद्द खडक फोडण्याची कृति वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गल नांवाच्या अध्यायांत सांगितली आहे. हा अध्याय भूमिगत पाण्याचा शोध व विहिरी यांसंबंधीं आहे. वराहमिहिर सहाव्या शतकांतला. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांहून फार तर शंभर वर्षांच्या आंतबाहेरचा. विहीर खणतांना शिला फुटत नसेल तर पळस व टेंभुर्णी यांच्या लांकडांचा जाळ तिच्यावर करावा, ती अग्निवर्ण झाली म्हणजे चुन्याचें पाणी शिंपावें, म्हणजे ती विदीर्ण होते, असें तो सांगतो. मोख्याच्या राखेचा क्षार घातलेलें पाणी सात वेळां शिंपण्याची व ताक, कांजी, कुळीथ आदि द्रव्यें आंबवून तीं तापलेल्या शिलेवर घालण्याची रीतिही तेथें आहे. द्रव्यांचा गुण कितीही असो, तापलेला खडक एकाएकीं थंड केला असतां तडकतो, हें यांतलें मर्म आहे. जगांतील पुष्कळ प्राचीन खाणींत हीच युक्ति चालत असे.

यापुढील दोन श्लोक आमच्या विषयास अधिक उपयोगी आहेत. दगडावर चालवूनही धार बोथट होऊं नये म्हणून टंकास कसें 'पान' द्यावें, हें त्यांत आहे. रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची मषी, पारवा व उंदीर यांची विष्ठा यांचा लेप तेल लावलेल्या टंकास द्यावा व मग पाणी देऊन धार लावावी, हा एक प्रकार. केळीच्या क्षारांत ताक मिसळून एक दिवस ठेवलेल्या द्रवानें लोखंडास पाणी द्यावें, हा दुसरा. मराठींत आपण हत्यार 'पाजवितों' व त्यास 'पाणी देतों'. पिणें व पाजणें यांचा धारेशीं असलेला हा संबंध वराहमिहिराच्या 'पान' व 'पायित' या शब्दांत दिसतो. तात्पर्य, शैलखननाचें खरें गुह्य लोहाराच्या भट्टींत होतें. दिवसभरांत बोथट झालेल्या टांक्या पाजविणारा लोहार जवळ नसेल तर शंभर पाथरवटही रिकामे बसतील.

आतां यंत्राविषयीं. भोजराजाच्या समरांगणसूत्रधारांत 'यंत्रविधान' नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत आपोआप हालणाऱ्या बाहुल्या, जलयंत्रें, लांकडी विमान अशीं नाना प्रकारचीं वर्णनें आहेत. ज्या ग्रंथकारानें एवढ्या हौसेनें यंत्रें सांगितलीं, त्यानें डोंगर पोखरणारें यंत्र सांगितलेलें नाहीं. भुयारासाठीं 'सुरुंगा' हा शब्द कौटिलीय अर्थशास्त्रांत व महाभारताच्या आदिपर्वांत जतुगृहाच्या कथेंत आहे. तो ग्रीक भाषेंतून आला असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. पण जतुगृहांतून पांडवांस वांचविणारें भुयारही विदुरानें पाठविलेल्या 'खनका'नें खणलें; तेथेंही यंत्र नाहीं, मनुष्यच आहे.

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस आणखी एक साक्ष रुचेल. कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरूंत वेरूळच्या देवालयाची कथा आहे. शिखर पाहिल्याखेरीज अन्न घेणार नाहीं असें राणीनें व्रत घेतलें, तेव्हां पैठणच्या कोकासानें काम पत्करून शिखरापासूनच कोरण्यास आरंभ केला व थोड्याच दिवसांत राणीचें व्रत सोडविलें. कथा म्हणून ती सोडून दिली तरी, शैलकर्म वरून खालीं चालतें ही गोष्ट कैलासानंतर कित्येक शतकांनीं मराठी कवीच्या कानीं पोंचलेली होती, एवढें तीवरून सिद्ध होतें.

[४] दगडाची साक्ष

अजिंठ्याचा डोंगर हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या थरांचा, म्हणजे आपल्या नेहमींच्या काळ्या पाषाणाचा आहे. वाघूर नदीनें तो घोड्याच्या नालासारखा कापला असून त्या कड्यांत तीस लेणीं आहेत. सर्व थर सारखे नाहींत. कांहीं घट्ट, कांहीं फोडाफोडांचे व सच्छिद्र. चौथें लेणें हें येथील सर्वांत मोठें विहारलेणें, अठ्ठावीस खांबांचें. त्याच्या छताचा थर काम चालू असतांनाच ढांसळला आणि छत अधिक उंच कोरून घ्यावें लागलें. खडकाची जात ओळखणें हाही त्या विद्येचा भाग होता, आणि ती विद्या कधीं कधीं अशी किंमत देऊन शिकावी लागे.

क्रम कसा होता, हें अपुऱ्या लेण्यांवरून पायरीपायरीनें वाचतां येतें. विसाव्या व एकविसाव्या लेण्यांच्या दरम्यान उंचावर असलेलें एकोणतिसावें लेणें चैत्यगृह व्हावयाचें होतें. काम अगदीं प्रथमावस्थेंत, वरच्या भागांतच थांबलें. म्हणजे आधीं छत मोकळें करावयाचें, आणि मग पायाखालचा दगड काढीत खालीं यावयाचें. या रीतीनें परांचीची गरज राहात नाहीं. जो दगड काढावयाचा आहे तोच परांचीचें काम देतो. अठ्ठाविसाव्या लेण्यांत केवळ पडवी व तिचे खांब इतकेंच दिसतें. पांचव्यांत द्वाराची चौकट नक्षीनें सजली आहे, पण मागील दालन व्हावयाचेंच राहिलें. यावरून नक्षीगार हे फोडणाऱ्यांचें काम संपण्याची वाट पाहात नसत. जेथें जागा मोकळी झाली तेथें ते बसत. कान्हेरीच्या लेखांतील कामाची वांटणी येथें प्रत्यक्ष दगडांत दिसते.

पण सर्वांत बोलकें लेणें चोविसावें. वीस खांबांचा, सुमारें पंचाहत्तर फूट लांबीरुंदीचा मंडप योजिलेला होता. पूर्ण होतें तर मोठेपणांत चौथ्याच्या खालोखाल गणलें गेलें असतें. खोदणाऱ्यांनीं सबंध मंडप एकदम पोखरला नाहीं. त्यांनीं खडकांत आंत आंत जाणाऱ्या लांब गल्ल्या पाडल्या. दोन गल्ल्यांमध्यें दगडाच्या भिंती उभ्या ठेवल्या. आणि मग त्या भिंती फोडून काढल्या. जेथें खांब हवा तेथें तेवढा दगड राखला. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतच ही पद्धति या लेण्यांत अभ्यासावी असें सुचविलें आहे. त्या सूचनेकडे पुढें दुर्लक्ष झालें.

या गल्ल्यांचें महत्त्व दोन प्रकारचें आहे. सलग खडकाच्या तोंडावर टांकी मारली तर दगड चहूंबाजूंनीं दाबलेला असतो व चूर होऊन थोडा थोडा निघतो. त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर तोच घाव मोठा कपचा उडवितो. हें पहिलें. दुसरें असें कीं, भुयारांत कामाचा वेग माणसांच्या संख्येवर अवलंबून नसतो, तर किती जणांस एके वेळीं दगडापुढें उभें राहतां येईल त्यावर असतो. एका तोंडाशीं दोघेतिघेच मावतात. गल्ल्या जितक्या अधिक, तितकीं तोंडें अधिक. भिंतींवर आजही टांकीच्या ओळीच्या ओळी दिसतात; त्यांतही हाच न्याय लहान प्रमाणांत आहे. समांतर चर पाडावयाचे आणि मधला उंचवटा झाडून टाकावयाचा.

[५] काळाचा हिशेब

आतां दुसऱ्या मताची, म्हणजे पिढ्यान् पिढ्या लागल्या या समजुतीची परीक्षा करूं. चोविसाव्या लेण्याचा मंडप पंचाहत्तर फूट चौरस व उंची सरासरी १२ फूट धरली, तर ६७,५०० घनफूट दगड होतो. काळ्या पाषाणाच्या वजनाच्या मानानें हे सुमारें ५,३०० टन भरतात. वेरूळच्या कैलासाविषयीं म. के. ढवळीकर यांनीं दर माणशीं दर दिवशीं चार घनफूट हें मान धरून, २५० मजुरांस साडेपांच वर्षें पुरतील असा अंदाज केला होता. कैलासाचें काम उघड्यावरचें, आणि अजिंठ्याचें अंधाऱ्या दालनांतलें. म्हणून आपण निम्मेंच, दोन घनफूट, धरूं. मग ३३,७५० मनुष्यदिन होतात. चाळीस माणसें एकदम राबलीं तर ८४४ दिवस. वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरले तर तीन वर्षांच्या आंत. पडवी, गर्भगृह, भोंवतालच्या खोल्या व शेवटची घांसाई यांसाठीं तितकाच काळ आणखी द्यावा. तरी पांच-सहा वर्षांत एक मोठा विहार उभा राहतो. आणि एका विहाराचें काम चालू असतां शेजारच्या विहारास थांबण्याचें कारण नाहीं.

हा हिशेब कालनिर्णयास उपयोगी पडतो. पूर्वीच्या विद्वानांनीं अजिंठ्याच्या दुसऱ्या कालखंडाचा विस्तार सातव्या शतकापर्यंत नेला होता. उलट वॉल्टर स्पिंक यांनीं हें सर्व काम हरिषेणाच्या काळाभोंवतीं, इ. स. ४६२ ते ४८० या अवघ्या अठरा वर्षांत बसविलें. इतकीं लेणीं इतक्या अल्प काळांत खोदणें मनुष्यशक्तीच्या बाहेरचें आहे, हा त्यांच्या मतावरील एक सोपा आक्षेप असे. वरील हिशेबानें स्पिंक यांच्या सर्व तारखा सिद्ध होत नाहींत, कारण त्यांस शिल्प व राजकीय इतिहास यांचे आधार निराळे तपासावे लागतात. परंतु हा आक्षेप मात्र टिकत नाहीं. खोदकामास शतकें लागत नाहींत. लागतात पैसा, लोखंड, धान्य व व्यवस्था. तीं तुटलीं म्हणजे काम ज्या अवस्थेंत असेल त्या अवस्थेंत थांबतें. एकोणतिसावें छतापाशीं, अठ्ठाविसावें पडवीपाशीं व चोविसावें गल्ल्यांपाशीं थांबलें आहे. राजसत्ता ढांसळल्याची इतकी तपशीलवार नोंद एखाद्या बखरींतही विरळाच.

[६] यंत्रांचा वृत्तांत

ज्यांस यंत्राचीच कल्पना प्रिय आहे, त्यांनीं खऱ्या यंत्रांचा इतिहास पाहावा. बंदुकीच्या दारूनें खडक फोडण्याची युक्ति आली तरी भोक पाडणें हातचेंच राहिलें. १८५६ ते १८६३ या काळांत बोरघाटाचा लोहमार्ग झाला. त्यांतील पंचवीस बोगदे हजारों मजुरांनीं पहार, घण व दारू यांनींच पाडले. 'सुरुंग' शब्दास मराठींत भुयाराबरोबर स्फोटाचाही अर्थ आला, तो दारूच्या या उपयोगामुळें. त्याच सुमारास, १८५७ मध्यें, आल्प्स पर्वतांतील माँ सेनीच्या बोगद्यास आरंभ झाला. तेथें १८६१ पासून सोमेये याचीं दाबलेल्या हवेवर चालणारीं छिद्रयंत्रें लागलीं, आणि बोगदा १८७१ मध्यें खुला झाला.

सबंध बोगदा एकदम कोरणारें यंत्र त्याहून दुर्घट ठरलें. अमेरिकेंतील हूसॅक डोंगरांत १८५३ च्या सुमारास विल्सन याचें यंत्र लावून पाहिलें. परिघावर वर्तुळाकार चर कोरावयाचा व मधला गाभा दारूनें उडवावयाचा, अशी त्याची योजना होती. सुमारें दहा फूट जाऊन तें थांबलें. इंग्लंड-फ्रान्समधील खाडीखालीं १८८०-८२ मध्यें बोमंटचें यंत्र चाललें, तें मऊ खडूच्या दगडांत. हंगेरींत १९४९ मध्यें कोळशाच्या खाणींसाठीं फिरत्या डोक्याचें कापणीयंत्र निघालें. कठीण खडकाचा प्रश्न सुटूं लागला तो जेम्स रॉबिन्स याच्या यंत्रानें: १९५६ मध्यें टोरांटो येथें टोंकदार दांते काढून केवळ फिरत्या पोलादी चकत्या ठेवल्या असतां काम चाललें, असें आढळलें. मुंबईंत कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा साडेतेहतीस किलोमीटरांचा भूमिगत मेट्रोमार्ग अशा सतरा यंत्रांनीं आमच्याच काळ्या पाषाणांतून कोरला गेला. त्याचा पहिला टप्पा २०२४ च्या व शेवटचा २०२५ च्या ऑक्टोबरांत सुरू झाला.

आतां या चकत्यांचें कार्य काय? त्या खडकाच्या तोंडावर प्रचंड दाबानें फिरतात व तीन-चार इंचांच्या अंतरानें वर्तुळाकार चर पाडतात. चराखालीं पडलेल्या भेगा शेजारच्या चराकडे धांवतात, आणि दोन चरांमधील दगड कपच्यांच्या रूपानें आपोआप निखळतो. म्हणजे सगळा दगड चुरावयाचा नाहीं. चर पाडावयाचे व मधला भाग मोकळा करावयाचा. चोविसाव्या लेण्यांतील गल्ल्यांचा न्याय तो हाच. विल्सनच्या चरांतही तोच विचार होता. विदर्भांतील कोळशाच्या भूमिगत खाणींत खांब राखून मधल्या गल्ल्या खोदण्याची जी रीति आहे, तिचेंही विहाराच्या मंडपाशीं सख्य उघड आहे. यंत्रकारांनीं ती अजिंठ्याहून घेतली असें म्हणण्याचें कारण नाहीं. पाषाण सर्वत्र एकाच नियमानें फुटतो. ज्यानें पाषाणाकडे नीट पाहिलें, त्यास तो नियम सांपडला. आमच्या शैलवर्धकींस तो हातांनीं सांपडला होता.

शिवाय यंत्राचा स्वतःचा ठसा असतो. तें वर्तुळच कोरतें, आणि भिंतीवर एकसारखीं वर्तुळाकार रेषांचीं वळीं ठेवतें. त्यास चौकोनी मंडप करतां येत नाहीं व मध्यें खांब राखतां येत नाहीं. अजिंठ्यास दिसतात ते टांकीचे आंखूड, तिरकस, हाताच्या वळणानें गेलेले घाव. ज्या भिंतीवर कर्त्यानें स्वहस्तें इतकें लिहून ठेविलें आहे, तेथें लुप्त यंत्राची कल्पना करणें म्हणजे मूळ दस्तऐवज समोर असतां त्यावर बनावट नक्कल लादणें होय.

[७] उपसंहार

सारांश, लेख दात्यांचे आहेत, ग्रंथ विहिरींविषयीं बोलतात, आणि खोदणाऱ्यांचा स्वतःचा वृत्तांत अपुऱ्या लेण्यांतच उरला आहे. चित्रांच्या रक्षणाकडे सरकारचें व जगाचें लक्ष आहे. १९८३ पासून हें स्थान जागतिक वारशांत गणलें गेलें आहे. परंतु कोऱ्या भिंतीवरील टांकीचे घाव कोणी जपण्याजोगे मानीत नाहीं. झिरपणारें पाणी, शेवाळ व डागडुजीचा चुना यांनीं तेही झिजतात व झांकले जातात. पोथीचें पान गेलें तर दुसऱ्या प्रतीची आशा असते. या पोथीस दुसरी प्रत नाहीं.

म्हणून संशोधकांपुढें तीन कामें ठेवावींशीं वाटतात. पहिलें, तिसरें, पांचवें, चौदावें, चोविसावें, अठ्ठाविसावें व एकोणतिसावें या लेण्यांतील टांकीच्या खुणांचीं मापें, छायाचित्रें व नकाशे क्रमवार तयार करणें. दुसरें, पाथरवट, वडार व बेलदार यांच्या बोलींतील हत्यारांचे, दगडाच्या जातींचे व घावांच्या प्रकारांचे शब्द, ते बोलणारे वृद्ध हयात आहेत तोंच टिपून घेणें. 'टांकी' व 'पाजविणें' या दोन शब्दांनीं किती उलगडा होतो हें वर दाखविलेंच आहे. तिसरें, पेशवे दफ्तरांत व खाजगी संग्रहांत देवळें, घाट, वाडे यांच्या बांधकामांचे जे हिशेब आहेत, त्यांतून पाथरवटांचे रोज, टांक्यांचें लोखंड व लोहाराचा कोळसा यांचे आंकडे निवडून काढणें. तसे आंकडे हातीं आले म्हणजे वर धरलेल्या दोन घनफुटांच्या मानाची खरी कसोटी लागेल. असे कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं ते क्षुल्लक समजून बाजूस टाकूं नयेत. सनदांइतकेच तेही इतिहासाचें साधन आहेत.